गोव्यात गोरामी पाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानात सात-आठ प्रकारचे गोरामी मासे दिसतात. कोणता घ्यावा?

दुकानात सगळेच दीड-दोन इंचांचे असतात, तिथंच गल्लत होते. हनी गोरामी मोठा झाला तरी ५ सेंटीमीटरच्या आसपास राहतो. ड्वार्फ ७ ते ८ सेंटीमीटर होतो, पर्ल ११-१२, तर थ्री-स्पॉट १२ ते १५. ब्लू, ओपलाइन आणि गोल्ड या नावांनी विकले जाणारे मासे म्हणजे हाच थ्री-स्पॉट, फक्त रंग वेगळे. किसिंग गोरामी वीस सेंटीमीटरच्या पुढं जातो. जायंट गोरामी दोन फूट वाढतो, तेव्हा त्याच्याकडं बघूही नका. तो खायचा मासा म्हणून तळ्यात वाढवला जातो.

पहिल्यांदाच घेत असाल तर हनी घ्या. शांत असतो, लहान असतो, पैदासही त्याचीच सोपी. टँक तीन फुटी असेल तर पर्ल घ्या. कम्युनिटी टँकसाठी, म्हणजे अनेक जातींचे मासे एकत्र ठेवायच्या टँकसाठी, याच्याइतका देखणा आणि सभ्य मासा सापडणं कठीण. थ्री-स्पॉट चिवट आहे, पण वयात आलेला नर इतरांच्या मागं लागतो. ड्वार्फ रंगानं सगळ्यांत सुंदर, पण त्याची भानगड खाली वेगळ्या प्रश्नात वाचा आणि मगच पैसे मोजा. चॉकलेट गोरामीला अतिशय मऊ, आम्लधर्मी पाणी लागतं. नवख्यानं त्याच्या नादी लागू नये.

मासा सारखा वर येऊन हवा घेतो. ऑक्सिजन कमी पडतोय का?

नाही, त्याची रीतच ती. गोरामीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला लॅबरिंथ नावाचा घडीघडीचा अवयव असतो. तोंडानं घेतलेल्या हवेतला ऑक्सिजन त्यातून थेट रक्तात जातो. दर काही मिनिटांनी वर यायचं, एक घोट घ्यायचा, खाली जायचं, हे नेहमीचं. वर येण्याची वाट बंद झाली, तर चांगल्या पाण्यातही तो गुदमरतो.

काळजी करायची ती वेगळ्या लक्षणांची: मासा वर येऊन तिथंच लटकून राहिला, कल्ले भराभर हलताहेत, आणि टेट्रा-रासबोरासारखे सोबतीचे मासेही पृष्ठभागाला तोंड लावून आहेत. तसं दिसलं तर आधी अमोनिया तपासा आणि ३० टक्के पाणी बदला.

हवा घेण्याच्या या सवयीतूनच सगळ्या संगोपनाची दिशा ठरते. गोरामीचा जीव पाण्याच्या वरच्या दोन इंचांत असतो. घरटं तिथं, अंडी तिथं, पिल्लं तिथं, श्वासही तिथलाच. लोक खालची रेती आणि दगड सजवत बसतात आणि वरचा भाग उघडा-बोडका ठेवतात.

टँक किती मोठा हवा आणि मांडणी कशी?

हनीच्या चार-सहा माशांना किंवा ड्वार्फच्या एका नर आणि दोन माद्यांना २४ × १२ × १२ इंची टँक पुरतो. कागदावर तो ५६ लिटरचा, पण रेती आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पाणी साधारण ४५ लिटरच भरतं. औषधाचा डोस याच आकड्यावर काढा. पर्ल आणि थ्री-स्पॉटला ३६ × १५ × १८ इंची टँक हवा, म्हणजे साधारण १६० लिटर. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची.

पाणी आणि झाकण यांच्यात दोन इंच जागा सोडा. झाकण हवंच: एक तर गोरामी उडी मारतो, दुसरं म्हणजे झाकणाखालची हवा पाण्याइतकीच उबदार आणि दमट राहते. एसी लावलेल्या खोलीत झाकण नसेल, तर मासा दर श्वासाला गार, कोरडी हवा घेतो.

एक-तृतीयांश पृष्ठभाग तरंगत्या वनस्पतींनी झाकलेला असू द्या. वॉटर स्प्राइट सगळ्यांत उत्तम, शिवाय रिचिया किंवा फ्रॉगबिट. शेतातून, तळ्यातून वनस्पती आणणार असाल तर तिच्याबरोबर चतुराच्या अळ्या, जळवा आणि गोगलगायी येतात. लिटरला १० मिलिग्रॅम पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात १० मिनिटं बुडवा आणि स्वच्छ धुऊन मगच घाला. भाताच्या शेताला नुकतं औषध मारलेलं असेल तर तिथली वनस्पती आणूच नका, धुतल्यानं ते जात नाही.

फिल्टर स्पंजचा किंवा मंद प्रवाहाचा. पृष्ठभागावर जोराची धार पडली की नर घरटं बांधत नाही आणि माद्या कोपऱ्यात जाऊन बसतात. जोरात मारणाऱ्या इंटर्नल फिल्टरचं तोंड काचेकडं वळवलं, तरी बराच फरक पडतो.

चिऱ्याचा तुकडा टँकमध्ये चालतो का, हेही बरेच जण विचारतात. चालतो, त्यानं पाणी कठीण होत नाही. पण मऊ चिरा झिजून तांबडा गाळ सोडत राहतो. कडक, धारा घासलेला तुकडा निवडा आणि आठवडाभर बादलीत भिजवून बघा. किनाऱ्यावरची रेती मात्र नको. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो.

नळाचं पाणी वापरावं, विहिरीचं की टँकरचं?

गोव्यात या प्रश्नाचं उत्तर गावागावाला बदलतं.

सरकारी नळाचं पाणी, मग ते ओपाचं असो, साळावलीचं असो की अस्नोड्याचं, मुळात नदीचं किंवा धरणाचं असतं. ते मऊ असतं आणि गोरामीला मानवतं. अडचण क्लोरीनची. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की क्लोरीनचा वास जास्त येतो. २४ तास उघड्या बादलीत एअर स्टोन लावून ठेवा. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट: १० ग्रॅम स्फटिक १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, आणि १० लिटर नळाच्या पाण्याला या द्रावणाचा १ मिलिलिटर घाला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी वापरत असाल तर ते सकाळी काढा. एप्रिल-मेच्या दुपारी ते आंघोळीला चालेल इतकं गरम असतं.

विहिरीचं पाणी जांभ्यातून झिरपून येतं, त्यामुळं ते बहुधा खूप मऊ आणि आम्लधर्मी असतं. काढल्या-काढल्या पीएच ५.५ ते ६ दिसतो. लगेच घाबरू नका. त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो. २४ तास हवा दिली की पीएच थोडा वर येतो, त्यानंतरचाच आकडा खरा धरा. पाण्यात लोह असेल तर याच वेळात तांबूस साका तळाशी बसतो. वरचं नितळ पाणी घ्या.

खरी अडचण पीएचची नसून केएचची आहे, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटची. तो १-२ अंशांच्या खाली असेल तर काही आठवड्यांत टँकचा पीएच घसरत जातो. ६ च्या खाली गेला की फिल्टरमधले जीवाणू सुस्तावतात, आणि अमोनिया साठू लागतो. उपाय घरच्या स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्यांच्या कवच्या उकळून, मांस पूर्ण काढून, चार दिवस कडक उन्हात वाळवा. ५० लिटरला मूठभर कवच्या जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरशेजारी ठेवा. पाणी आम्लधर्मी झालं की त्या हळूहळू विरघळतात. दर आठवड्याला केएच मोजा आणि ३-४ अंशांवर आल्यावर काही कवच्या काढून घ्या.

किनारपट्टीच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर ठेवा. नेहमी १०० च्या आसपास असणारा आकडा एकदम ५०० वर गेला, तर त्या विहिरीचं पाणी पाऊस पडेपर्यंत टँकमध्ये नको. टँकरचं पाणी दर खेपेला वेगळ्या ठिकाणचं असू शकतं. तपासल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त बदलू नका.

कोणतंही पाणी असो, आठवड्याला २५ टक्के बदला. नव्या-जुन्या पाण्याच्या तापमानात दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको.

टँक भरल्यावर मासे कधी सोडायचे?

दुसऱ्या दिवशी नव्हे. आधी फिल्टरमध्ये अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू वाढायला हवेत. रोज चिमूटभर खाद्य टाकून टँक माशांशिवाय चालवा. २८ अंशांना याला तीन ते पाच आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या चालू टँकमधला स्पंज मिळाला तर निम्म्या वेळात होतं. दोन दिवस लागोपाठ अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य आलं की मासे सोडा, तेही टप्प्याटप्प्यानं: आधी सोबतीचे, शेवटी गोरामी. गोरामी आधी सोडला तर सगळा टँक त्याचाच होऊन बसतो.

गोरामी चिवट आहे, हवेवर जगतो, म्हणून त्यालाच आधी टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. हवा घेता येते म्हणून अमोनिया कल्ले जाळायचा थांबत नाही.

सोबत कोणते मासे ठेवावेत?

हार्लेक्विन रासबोरा, एम्बर टेट्रा, कोरीडोरास, कुहली लोच, ब्रिसलनोज प्लेको. मधल्या आणि तळाच्या थरात राहणारे, शांत मासे. निऑन टेट्रा लोकांना हवाच असतो, पण त्याला २२ ते २६ अंश सोसतात, आणि गोव्यातल्या मे महिन्यात टँक ३१ वर जातो.

टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा अजिबात नकोत. गोरामीच्या पोटाखालचे दोन लांब तंतू म्हणजे त्याचे चाचपडायचे हात, आणि हे मासे नेमके तेच कुरतडतात. बेट्टा नको, तो गोरामीला आपला भाऊबंद समजून भांडतो. एंजल फिशसोबत हनी ठेवू नका. मॉलीला कठीण पाणी लागतं, विहिरीच्या मऊ पाण्यात ती महिनाभरात आजारी पडते. लहान कोळंबी ठेवलीत तर तिची पिल्लं गोरामी खाणार, हे धरून चाला. खाजनातलं काळुंदर हौसेनं आणणारेही आहेत; ते निमखाऱ्या पाण्यातलं, ताटाएवढं वाढणारं, त्याचा इथं संबंध नाही.

नर-मादी ओळखायची कशी, आणि किती ठेवायचे?

पाठीवरचा पर बघा. नराचा लांब आणि टोकदार, मादीचा आखूड आणि गोल. ड्वार्फची मादी चंदेरी-करडी असते, नर निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा. पर्लच्या नराचा गळा आणि छाती नारिंगी होते. हनीचा नर पैदाशीच्या रंगात आला की हनुवटीपासून पोटापर्यंत काळा पडतो. एरवी दोघं सारखेच दिसतात, म्हणून हनी पाच-सहांच्या गटानंच घ्या.

दुकानात ड्वार्फचे बहुतेक नरच असतात, कारण रंग त्यांच्यावर. दोन नर दोन फुटी टँकमध्ये ठेवले तर एक जण दिवसभर फिल्टरमागं लपलेला दिसेल, आणि काही आठवड्यांत उपाशी मरेल. एका नरामागं दोन-तीन माद्या ठेवा. मादी मिळत नसेल तर एकच नर ठेवा.

गोव्यात हीटर लागतो का?

नेहमी नाही. गोरामीला २५ ते २८ अंश हवेत आणि वर्षातले आठ-नऊ महिने ते आपोआप मिळतात. पण डिसेंबर-जानेवारीत सत्तरी, सांगे, धारबांदोड्याकडं पहाटे गारवा चांगलाच असतो, आणि लहान टँक रात्रीत तीन-चार अंश उतरतो. हा चढउतारच पांढऱ्या ठिपक्यांच्या आजाराला बोलावणं धाडतो. ४५ लिटरला ५० वॅटचा हीटर पुरे, २५ वर लावून ठेवा. पैदाशीला आणि आजारपणात तो लागतोच.

मे महिन्यात उलटी अडचण. ३१-३२ अंशांवर गोरामी तरतो, सोबतीचे मासे धापा टाकतात. हवेचा पंप चालू ठेवा, दुपारी दिवे बंद ठेवा, झाकणाची एक फट उघडून छोटा पंखा लावा. बर्फ टाकू नका.

डासांसाठी फॉगिंग करायला आले तर काय करायचं?

हा प्रश्न खरं तर सगळ्यांत आधी विचारायला हवा. फॉगिंगच्या धुरात, घरात लावायच्या मच्छर लिक्विडमध्ये आणि स्प्रेमध्ये बहुधा पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात. ती माणसाला फारशी बाधत नाहीत. माशांना मात्र अत्यंत विषारी. त्यात गोरामी हवा थेट गिळतो, आणि पाण्यावर जमलेला तवंगही सगळ्यांत आधी त्याच्याच तोंडात जातो.

पावसाळ्यात फॉगिंगचा आवाज ऐकू आला की खिडक्या लावा, एअर पंप बंद करा आणि टँकवर ओला, घट्ट विणीचा टॉवेल टाका. एअर पंप बंद करायला बहुतेक जण विसरतात, आणि खोलीतला धूर तोच पंप पाण्यात ढकलत राहतो. अर्ध्या-पाऊण तासानं खिडक्या उघडून वारा खेळू द्या, मगच पंप चालू करा. मच्छर लिक्विड टँकच्या खोलीत लावूच नका, मच्छरदाणी वापरा. पंप बाहेरच्या व्हरांड्यात असेल तर त्याला जोडलेली नळी कुठली हवा ओढते, हेही एकदा बघून घ्या.

चवथीच्या आधी घराला रंग काढतात, दारांना व्हार्निश मारतात. तेव्हाही हेच. शक्य असेल तर टँक दोन दिवस दुसऱ्या खोलीत हलवा.

चवथीला पाच दिवस मूळ घरी जातो. माशांना खायला कोण घालणार?

कोणी घालू नये. मोठ्या, निरोगी गोरामीला पाच-सहा दिवसांचा उपास काही करत नाही. शेजाऱ्यानं प्रेमानं मूठभर खाद्य टाकलं तर परत येईपर्यंत पाणी नासलेलं असतं. जायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, दिवा टायमरवर लावा. पिल्लं वाढवत असाल तर मात्र जाणं शक्य नाही, पैदासच चवथीनंतर करा.

रोज खायला काय?

बारीक दाण्याचं खाद्य, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. गोरामीचं तोंड लहान आणि वरच्या दिशेला वळलेलं असतं; मोठी गोळी तो चघळून थुंकतो. आठवड्यातून दोनदा डॅफ्निया किंवा आर्टेमिया (पाण्यातले बारीक जीव, माशांचं खाद्य), एकदा उकडून सोललेला वाटाणा किंवा पालक, आणि एक दिवस लंघन. ट्युबिफेक्स हा जंत गटारातून येतो आणि रोग घेऊन येतो, तो टाळा.

डासांच्या अळ्या हे उत्तम खाद्य, पण बादली उघडी ठेवून त्या वाढवणं म्हणजे शेजाऱ्याला डेंग्यू देणं.

वादळात वीज पाच-सहा तास गेली तर?

गोरामी वाचतो, टेट्रा आणि रासबोरा आधी जातात. दर १५-२० मिनिटांनी तांब्याभर पाणी काढून फूटभर वरून परत ओता. बॅटरीवरचा एअर पंप पावसाळ्याआधी घेऊन ठेवा. खाद्य बंद. कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा, बंद डब्याचा) चार-पाच तास बंद राहिला असेल तर वीज आल्यावर तसाच चालू करू नका. आतलं कुजकं पाणी टाकून द्या, स्पंज टँकच्याच पाण्यात पिळा, मग लावा.

ड्वार्फ गोरामी दोन-तीन महिन्यांतच का मरतो?

पुष्कळदा तो आजार घेऊनच आलेला असतो. ड्वार्फ मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, पण दुकानातले रंगीत वाण परदेशातल्या मोठ्या पैदास केंद्रांत पिढ्यानपिढ्या दाटीवाटीनं वाढवलेले. त्यांच्यात ड्वार्फ गोरामी इरिडोव्हायरस पसरलेला आहे. लक्षणं अशी: रंग उतरतो, मासा कोपऱ्यात मरगळून राहतो, खाणं सोडतो, अंगावर जखमा दिसतात, पोट फुगतं. औषध नाही. दुकानदार जे निळं-पिवळं औषध देतो त्यानं विषाणू मरत नाही, फिल्टरमधल्या जीवाणूंना मात्र झळ पोहोचू शकते.

मासा घेताना पंधरा मिनिटं टँकसमोर उभे राहा. एकही ड्वार्फ मरगळलेला असेल तर त्या टँकमधला दुसराही घेऊ नका. घरी आणल्यावर चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवा, जाळी आणि नळीही वेगळी. मेलेला मासा टँकमध्ये राहू देऊ नका, सोबतचे त्याला टोचतात आणि संसर्ग पसरतो. घरच्या पैदाशीतला ड्वार्फ कुणाकडं मिळाला, तर तो आयात केलेल्यापेक्षा केव्हाही चांगला. तो तीन-चार वर्षं सहज जगतो.

अंगावर पांढरं काहीतरी दिसतंय. मीठ टाकू का?

काय दिसतंय यावर अवलंबून. मिठाच्या दाण्यासारखे सुटे ठिपके असतील तर तो इक, परजीवीचा आजार. पाणी दर काही तासांनी एक अंश या गतीनं ३० पर्यंत वर न्या, हवा वाढवा, लिटरला २ ग्रॅम मीठ घाला. कोरीडोरास आणि वनस्पती असतील तर १ ग्रॅम. ठिपके गेल्यावरही उपचार एकूण १० ते १४ दिवस चालू ठेवा, कारण परजीवीची पुढची पिढी तळाशी तयार होत असते.

तोंडाभोवती किंवा पाठीवर कापसासारखा, करडा-पांढरा थर असेल तर तो बहुधा कॉलम्नॅरिस, जीवाणूंचा आजार. इथं उष्णता वाढवली तर मासा दोन दिवसांत जातो. मासा वेगळा करा, पाणी बदला, तापमान २५ च्या आसपास उतरवा आणि जीवाणूविरोधी औषध जाणकाराला विचारून द्या. दोन्ही आजारांना सरसकट ‘पांढरं पडलंय’ म्हणून हीटर लावला जातो, आणि तिथंच निम्मे मासे जातात.

अंगावर सोनेरी पूड शिंपडल्यासारखी दिसत असेल तर वेल्व्हेट. त्यात टँक अंधारात ठेवणं कामी येतं.

नर बुडबुड्यांचं घरटं बांधतो, पण पिल्लं दिसत नाहीत.

कम्युनिटी टँकमध्ये दिसणारही नाहीत. अंडी घातली तरी ती किंवा पिल्लं रासबोरा एका रात्रीत साफ करतात, आणि राखण करणारा नर बाकीच्यांना हैराण करतो ते वेगळंच. पैदास करायची तर वेगळा टँक लागतो.

१८ × १२ × १२ इंची टँक घ्या, पाणी फक्त सहा इंच भरा, म्हणजे साधारण २१ लिटर. रेती नको. एका कोपऱ्यात वॉटर स्प्राइटचा दाट पुंजका तरंगू द्या. ड्वार्फचा नर त्याचे तुकडे घरट्यात विणतो. दुसऱ्या टोकाला मादीला लपायला झाडी किंवा आडवी कुंडी. स्पंज फिल्टरचे बुडबुडे मोजता येतील इतका मंद. हीटर २८ वर. वर काच, आणि फटीला क्लिंग फिल्म.

देशी बदामाचं वाळलेलं, तांबडं होऊन गळलेलं पान इथं फार कामाचं. हिवाळ्यात गोव्यात ते वाटेवर पडलेलंच असतं. फवारणी होत नाही अशा जागेचं उचला, धुऊन वाळवा, आणि २१ लिटरला एक मध्यम पान घाला. पाणी फिकट चहाच्या रंगाचं होतं आणि अंड्यांवरची बुरशी कमी राहते.

जोडीला आधी दहा-पंधरा दिवस वेगवेगळं ठेवून डॅफ्निया, आर्टेमिया भरपूर खिलवा. मादीचं पोट गोल दिसू लागलं की नराला पैदास टँकमध्ये सोडा आणि मादीला एक-दोन दिवस त्यातच पारदर्शक बरणीत ठेवा. घरटं तयार झालं की तिला मोकळं करा. दोन दिवसांत काही झालं नाही, किंवा मादीचे पर फाटू लागले, तर तिला काढा आणि आठवड्यानं पुन्हा बघा. मृगाच्या दिवसांत, पाणी बदलताना थोडं गार पाणी घातलं की अडून बसलेल्या जोड्याही तयार होतात. रानात यांचा हंगाम पावसाचाच.

अंडी घातल्यावर मादीला आणि नराला कधी काढायचं?

घरट्याखाली नर मादीला विळखा घालतो, अंडी सुटतात, नर ती तोंडानं गोळा करून घरट्यात ठेवतो. असे विळखे काही तास चालतात. मादी कोपऱ्यात जाऊन बसली आणि नर तिला हाकलू लागला की लगेच तिला काढा. शेकड्यांनी अंडी असतात, ती तेलकट असल्यानं तरंगतात. २४ ते ३६ तासांत फुटतात. पुढचे दोन-तीन दिवस पिल्लं घरट्याला शेपूट खाली करून लटकलेली दिसतात, खाली पडलेलं पिल्लू नर परत वर नेतो. पिल्लं आडवी पोहू लागली, की नराची पाळी. एक दिवस उशीर केलात तर तो त्यांनाच खातो.

पिल्लं पहिल्या आठवड्यातच मरतात. काय चुकतं?

बहुतेक वेळा ती उपाशी मरतात. गोरामीचं पिल्लू इतकं बारीक असतं की आर्टेमियाही त्याच्या तोंडात मावत नाही. त्याला इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले अतिसूक्ष्म जीव, लागतं, आणि ते पिल्लं निघाल्यावर बनवायला घेतलं तर उशीर झालेला असतो.

जोडी सोडायच्या दिवशीच सुरुवात करा. दोन-तीन काचेच्या बरण्यांत टँकचंच जुनं पाणी भरा, प्रत्येकीत वाळलेल्या केळीच्या सालीचा दोन इंची तुकडा किंवा कोबीचं पान घाला, आणि उजेडात, पण थेट उन्हात नको, ठेवा. तोंडाला पातळ कापड बांधा, नाहीतर डास अंडी घालतील. पहिले दोन-तीन दिवस पाणी गढूळ आणि घाणेरड्या वासाचं होतं. तेव्हा ते देऊ नका. चौथ्या-पाचव्या दिवशी वास कमी होऊन पाणी नितळू लागतं, बॅटरीच्या झोतात पांढरे कण हलताना दिसतात. तेव्हा तयार झालं. दिवसातून चार-पाच वेळा २०-३० मिलिलिटर घाला. पिल्लाचं पोट भिंगातून बघा: भरलेलं, गोलसर दिसायला हवं. उकडलेल्या अंड्याचा बलक देतात, पण एक थेंब जास्त पडला तर रात्रीत पाणी नासतं.

आठ-दहा दिवसांनी नुकता फुटलेला आर्टेमिया. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ घाला आणि त्यात आर्टेमियाची अंडी टाका. पेडण्यातल्या आगरवाड्यासारख्या मिठागरातलं जाडं मीठ इथं अगदी योग्य. बाटली उलटी करून तळाशी जोराची हवा, वर दिवा, २८ अंश. २४ तासांच्या आसपास अंडी फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, नारिंगी जीव तळाशी उतरतात आणि टरफलं वर राहतात. खालचं काढून बारीक कापडातून गाळा, गोड्या पाण्यात धुवा, मग द्या. टरफलं पिल्लांच्या पोटात अडकतात.

दुसरं कारण पाण्याची घाण. पाचव्या दिवसापासून रोज १० टक्के पाणी एअर पंपच्या नळीनं तळातून ओढा आणि तितकंच, त्याच तापमानाचं, थेंबथेंब भरा.

तीन आठवडे नीट जगली आणि मग पटापट मेली. असं का?

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात पिल्लांचा लॅबरिंथ तयार होतो आणि ती पहिल्यांदा वर येऊन हवा घेऊ लागतात. त्या वेळी वरची हवा गार असली, किंवा पाण्यावर खाद्याचा तेलकट तवंग असला, तर ती तिथंच जातात. क्लिंग फिल्म दोन महिने तरी काढू नका. तवंग दिसला तर साधा टिश्यू पेपर पृष्ठभागावर अलगद पसरून उचला, तवंग त्याला चिकटून येतो.

पिल्लं सारखी वाढत नाहीत. महिनाभरात काही इतरांच्या दुप्पट होतात आणि लहानांना खातात, म्हणून दर दोन आठवड्यांनी आकारानुसार वेगळी करा. वाकड्या कण्याची, न पोहणारी पिल्लं पुढच्या पैदाशीला ठेवू नका.

इतक्या पिल्लांचं करायचं काय?

शंभर पिल्लांना तीन महिने पुरेल एवढी जागा आणि पाणी नसेल तर सगळीच वाढवण्याचा आग्रह धरू नका. दीड इंचाची, रंग धरू लागलेली हनी किंवा पर्लची पिल्लं दुकानदार घेतात, बहुधा पैशांऐवजी खाद्याच्या बदल्यात. द्यायच्या आधीच विचारून ठेवा आणि द्यायच्या दिवशी उपाशी ठेवा, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही.

विहिरीत, ओहळात, तळ्यात किंवा खाजनात एकही सोडू नका. थ्री-स्पॉटसारखा मासा आपल्याकडच्या उथळ, कमी ऑक्सिजनच्या पाण्यात मजेत जगतो, वाढतो आणि इथल्या लहान माशांची जागा घेतो. दुकानातला आजारही त्याच्याबरोबर जातो. डास कमी होतील म्हणून विहिरीत सोडायचा विचार असेल तर तोही नको, विहिरीसाठी काय सोडायचं ते आरोग्य केंद्राला विचारा. टँकचं काढलेलं पाणीही ओहळात न ओतता माडाच्या आळ्यात घाला.